यीस्टला ऑक्सिजन मिळाला तर काय, नाही मिळाला तर काय: घरी करून बघायचे तीन प्रयोग

चवथीच्या सुट्टीत आमच्या वाड्यावरची एक अकरावीची मुलगी यीस्ट घातलेल्या साखरपाण्याच्या दोन बाटल्या घेऊन माझ्याकडे आली. एकीच्या तोंडाला फुगा लावलेला, दुसरी उघडी. फुग्यावालीवर चिठ्ठी "ऑक्सिजनशिवाय", उघडीवर "ऑक्सिजनसह". म्हणाली, टीचर, दोन्हींना सुरेसारखा वास येतोय, माझं काय चुकलं? मी गोव्यात फोंड्याला बरीच वर्षं बायोलॉजी शिकवते आणि हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. खरं सांगायचं तर तिचं यीस्ट बरोबर होतं, चिठ्ठी चुकली होती. बाटली उघडी ठेवली म्हणजे आतल्या यीस्टला ऑक्सिजन मिळाला असं होत नाही, आणि मिळाला तरी साखर भरपूर असेल तर यीस्ट तो नीट वापरत नाही. या दोन गोष्टी डोक्यात बसल्या की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

यीस्टच्या पेशीला साखर मिळाली की पहिलं काम ग्लायकोलिसिस. ग्लुकोजचा एक रेणू मोडून पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि हाताला निव्वळ दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागतात. इथपर्यंत ऑक्सिजन असो नसो, काही फरक नाही. पण हे करताना ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन एनएडी नावाच्या वाहकावर चढतात आणि त्याचं एनएडीएच होतं. जेटीवर मासळीच्या पाट्या असतात ना तसंच समजा. पाट्या मोजक्या आहेत, भरलेली पाटी कुठेतरी रिकामी करून परत आणली तरच पुढची मासळी भरता येणार, नाहीतर होडी किनाऱ्याला लागून काम ठप्प. एनएडी ही पाटी. आता ती कुठे रिकामी करायची, इथे ऑक्सिजनचा संबंध येतो.

ऑक्सिजन असेल तर पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जातं, तिथे क्रेब्स चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात पूर्ण जळतं, पाट्यांमधले इलेक्ट्रॉन साखळीने पुढे पुढे जात शेवटी ऑक्सिजनवर पडतात, त्याचं पाणी होतं आणि वाटेत भरपूर एटीपी तयार होतात. पुस्तकात ३६ किंवा ३८ लिहिलेलं असतं, नवीन पुस्तकांत ३० ते ३२. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, पण खऱ्या यीस्टला तेवढे मिळत नाहीत, कारण आपल्या मायटोकॉन्ड्रियात साखळीच्या सुरुवातीला "कॉम्प्लेक्स एक" नावाचा जो प्रोटॉन ढकलणारा प्रथिनांचा गट असतो तो बेकरीच्या यीस्टमध्ये नसतोच. त्यामुळे त्याची कमाई साधारण निम्म्याच्या आसपास राहते. तरीसुद्धा दोनपेक्षा कितीतरी जास्त.

ऑक्सिजन नसेल तर पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतो, असिटाल्डिहाइड उरतं, आणि एनएडीएचची पाटी त्याच्यावरच रिकामी होते. त्यातून तयार होतं ते इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. अल्कोहोल बनवण्यात यीस्टला एकही जादा एटीपी मिळत नाही हे मुलांना सांगितलं की ती चमकतात. फायदा एवढाच की पाटी मोकळी झाली आणि ग्लायकोलिसिसचे दोन एटीपी मिळत राहिले.

याचा परिणाम काय होतो बघा. हवा नीट मिळालेलं यीस्ट १ ग्रॅम ग्लुकोजमागे साधारण अर्धा ग्रॅम नवीन यीस्ट, कोरड्या वजनाचं, बनवतं. हवेशिवाय हे जेमतेम ०.१ ग्रॅम. म्हणजे हवेशिवाय ते साखर जास्त फस्त करतं आणि वाढतं कमी. लुई पाश्चरने १८६१ मध्ये हेच टिपलं होतं, हवा दिली की आंबणं मंदावतं, आणि म्हणून याला पाश्चर परिणाम म्हणतात.

आता उघड्या बाटलीचा हिशेब

हा हिशेब मी प्रत्येक बॅचला फळ्यावर करून दाखवते. ३० डिग्रीला, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या गरमीत, एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तुमच्या बाटलीत पाव लिटर पाणी, म्हणजे जवळपास २ मिलिग्रॅम. तुम्ही साखर घातली एक चमचा, ५ ग्रॅम धरा. ती पूर्ण जाळायला ५.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे ५६०० मिलिग्रॅम! पाण्यात आहेत दोन. दोन मिलिग्रॅम यीस्ट बघता बघता संपवतं आणि वरून हवेतला ऑक्सिजन त्या बाटलीच्या अरुंद तोंडाशी असलेल्या पाण्यात इतका हळू उतरतो की खाली पोचेपर्यंत काही उरतच नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, त्याची चादर पाण्यावर पसरते.

काजूच्या हंगामात भाटीवर (काजूची दारू गाळतात तिथे) गेलात तर हेच दिसेल. बोंडू मळून काढलेला रस आंबायला ठेवतात त्या भांड्याचं तोंड काही सीलबंद नसतं, तरी आत अल्कोहोल होतंच. मग तेच अल्कोहोल पुढे उर्राक आणि फेणीत येतं. (ऊर्ध्वपातन घरी करू नका, त्याला परवाना लागतो आणि आपल्याला त्याची गरजही नाही.)

पावाच्या पिठाचंही तसंच. पोदेर, म्हणजे पाववाला, पीठ मळतो तेव्हा हवा आत जाते, पण त्यातला ऑक्सिजन यीस्ट थोड्याच वेळात खाऊन टाकतं, उरतात नायट्रोजनचे बारीक बुडबुडे आणि त्याच बुडबुड्यांत मग कार्बन डायऑक्साइड भरत जाऊन उंडे (गोल पाव) फुगतात.

सामान

ड्राय यीस्ट, शक्यतो नवीन पाकीट, पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दमट होऊन मरतं. साखर, थोडी ग्लुकोज पावडर. अर्ध्या-एक लिटरच्या सारख्या प्लास्टिक बाटल्या सहा-सात, फुगे, थर्मामीटर, ग्रॅममध्ये मोजणारा किचन काटा. फिश टँकच्या दुकानातून एअर पंप, नळी, दोन एअर स्टोन आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची छोटी बाटली (लेबल वाचा, काहींत मॅलाकाइट ग्रीन मिसळलेलं असतं, ते नको). मेडिकलमधून सलाईनचा मायक्रो ड्रिप सेट. पानाच्या गाद्यावरून (टपरीवरून) थोडा चुना. काचेच्या बाटल्या घट्ट बंद करून वापरू नका, ५ ग्रॅम साखरेतून ३० डिग्रीला जवळपास दीड लिटर गॅस निघू शकतो आणि बंद काचेत तो कुठे जाणार.

यीस्ट जागं करणं

अर्धा कप पाणी ३५ ते ४० डिग्री, हाताला कोमट लागेल एवढं, त्यात चिमूटभर साखर, एक छोटा चमचा यीस्ट, दहा-पंधरा मिनिटं. वर फेस आला तर जिवंत. नाही आला तर पुढे जाऊच नका, दुसरं पाकीट आणा. पाणी कढत घेतलं की यीस्ट मरतं आणि मुलं तासभर फुग्याकडे बघत बसतात.

पहिला प्रयोग: फुगे

चार बाटल्या, प्रत्येकीत पाव लिटर पाणी ३५ डिग्रीच्या आसपास, प्रत्येकीत एक चमचा यीस्ट.

पहिली: ५ ग्रॅम साखर, फुगा.
दुसरी: साखर नाही, फुगा.
तिसरी: साखर आहे पण यीस्ट आधी पाण्यात दहा मिनिटं उकळून मारलेलं, फुगा.
चौथी: पाणी आधी उकळून, झाकून, न ढवळता गार केलेलं, म्हणजे त्यातला विरघळलेला ऑक्सिजन गेला. साखर, यीस्ट अलगद मिसळा, वर खाण्याच्या तेलाचा बोटभर थर, मग फुगा.

चारही एका टोपात कोमट पाण्यात उभ्या ठेवा. वीसेक मिनिटांत पहिली आणि चौथी हलायला लागतात, तासाभरात फुगे उभे राहतात. दुसरी-तिसरी जवळजवळ तशाच. आणि मुद्द्याची गोष्ट ही की पहिली आणि चौथी जवळपास सारख्याच फुगतात. म्हणजे जिच्यातला ऑक्सिजन आपण मुद्दाम काढला ती आणि जिला काहीच केलं नाही ती, दोघी एकच काम करतायत. पहिली बाटली पण हवेशिवायच चाललीय! त्या मुलीने हे बघितलं आणि स्वतःहून पहिल्या चिठ्ठ्या काढल्या.

इथे अजून एक गैरसमज, जो मला प्रोजेक्ट फायलींमध्ये सारखा दिसतो, "फुगा फुगला म्हणजे श्वसन झालं." पूर्ण श्वसनात जेवढे ऑक्सिजनचे रेणू आत जातात तेवढेच कार्बन डायऑक्साइडचे बाहेर येतात, बंद बाटलीत गॅस वाढतच नाही. फुगा फुगतो तो आंबण्याने.

फुगा दुसऱ्या दिवशी मलूल झाला तर घाबरू नका, रबरातून कार्बन डायऑक्साइड पटकन निसटतो. म्हणून फुग्याचा घेर पहिल्या दोन-तीन तासांत दर पंधरा मिनिटांनी दोऱ्याने मोजा आणि लिहा. ज्यांना नीट आकडा हवा त्यांनी फुग्याऐवजी नळी लावून पाण्यात उपड्या धरलेल्या बाटलीत गॅस गोळा करावा. तीच नळी चुन्याच्या निवळीत सोडली की ती दुधाळ होते, त्यासाठी चुना पाण्यात घोळून रात्रभर ठेवा आणि वरचं नितळ पाणी घ्या.

दुसरा प्रयोग: निळा रंग

हा माझा सगळ्यात आवडता, कारण यात ऑक्सिजन अक्षरशः डोळ्यांना दिसतो.

दोन चमचे यीस्ट १०० मिली कोमट पाण्यात, त्यात एक चमचा ग्लुकोज, दहा मिनिटं जाऊ द्या. मग ते दोन उभट काचेच्या ग्लासांत किंवा टेस्ट ट्यूबमध्ये ओता आणि मिथिलीन ब्लू थेंब थेंब घाला, आकाशी रंग येईपर्यंतच, गडद नको. तिसऱ्या ट्यूबमध्ये उकळून मारलेलं यीस्ट आणि तोच रंग. सगळं ३५ ते ४० डिग्रीच्या पाण्यात ठेवा आणि हलवू नका. ग्लोव्ह्ज घाला, कपड्यावर पडलं तर डाग जात नाही, आणि तोंडात अजिबात जाता कामा नये.

काही मिनिटांत जिवंत यीस्टचा रंग उडायला लागतो, निळं जाऊन मळकट पांढरं उरतं, पण वरच्या टोकाला, जिथे हवा लागते तिथे, निळी रेघ शिल्लक राहते. ती रेघ स्केलने मोजा. तुमच्या स्थिर ग्लासात हवेतला ऑक्सिजन किती खोल पोचतोय ते तिथे दिसतं, आणि ते अगदीच थोडं असतं. आता एक ट्यूब अंगठ्याने बंद करून जोरात हलवा, निळा परत. ठेवून द्या, परत जातो. हे तुम्ही पुन्हा पुन्हा करू शकता. मेलेलं यीस्ट निळंच राहतं.

का होतं? परत पाट्यांवर या. ऑक्सिजन संपला की पेशीतले इलेक्ट्रॉन या रंगावर पण रिकामे होतात, इलेक्ट्रॉन घेतलेलं मिथिलीन ब्लू रंगहीन असतं. हलवल्यावर आलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन रंगाकडून काढून घेतो आणि रंग परत निळा. तेच पाणी पातळ करून एका पसरट ताटलीत दोन-तीन मिलिमीटरचा थर देऊन बघा, तिथे निळा जास्त वेळ टिकतो कारण पृष्ठभाग मोठा आणि खोली कमी.

तिसरा प्रयोग: पंप, आणि साखर थोडी थोडी

हा वेळखाऊ आहे, दोन दिवस धरा, पण खरी गंमत इथे आहे. पंप लावला म्हणजे आता तरी यीस्ट अल्कोहोल करणार नाही ना? करतं. साखर भरपूर असली की बेकरीचं यीस्ट ऑक्सिजन असूनही आंबवतंच, याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात, हर्बर्ट क्रॅबट्री या शास्त्रज्ञावरून, त्याने १९२९ मध्ये ट्यूमरच्या पेशींवर असंच काहीसं दाखवलं होतं. ग्लायकोलिसिस इतक्या वेगाने चालतं की मायटोकॉन्ड्रियाला तेवढं पायरुवेट झेपत नाही, आणि वर जास्त ग्लुकोज असताना श्वसनाची जनुकं दाबलेलीच राहतात. म्हणून यीस्टच्या कारखान्यात मळी एकदम ओतत नाहीत, जबरदस्त हवा सोडून बेताबेताने घालतात, त्यांना अल्कोहोल नको असतं, यीस्ट हवं असतं. आपण तेच छोट्या प्रमाणात करायचं.

नुसत्या साखरेवर यीस्ट नीट वाढत नाही, नायट्रोजन लागतो. त्यासाठी दोन चमचे यीस्ट एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, रात्रभर फ्रीजमध्ये खाली बसू द्या, वरचं पाणी फिल्टर पेपरने गाळून घ्या. मेलेल्या पेशींतून बाहेर आलेलं पोषण त्यात असतं. तीन बाटल्यांत प्रत्येकी ३०० मिली हे पाणी आणि अगदी चिमूटभर जिवंत यीस्ट, तिन्हींत सारखं.

वेगळ्या १०० मिली पाण्यात २ ग्रॅम साखर विरघळवून उकळून गार करायची, असे तीन ग्लास. पहिल्या बाटलीत एक ग्लास एकदम, पंप नाही, तोंडाला सुईने टोचलेला फुगा. दुसरीत एकदम, पण पंप चालू. तिसरीत पंप चालू आणि साखरपाणी ड्रिप सेटने थेंब थेंब. मायक्रो ड्रिपमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे मिनिटाला चार थेंब सोडले की १०० मिलीला साधारण चोवीस तास लागतात. दर दोन-तीन तासांनी थेंब मोजा, चाक थोडं सरकतंच. पंपाच्या बाटल्यांच्या तोंडाला सैल कापूस, फेस फार आला तर तेलाचा एक थेंब.

पावसात लाइट जाते तेव्हा पंप बंद पडतो, आणि यीस्ट बघता बघता हवेशिवायच्या वाटेला लागतं. किती वाजता गेली, किती वाजता आली ते वहीत लिहा, नाहीतर नंतर निकाल कळत नाही. शक्य असेल तर छोटा इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा पंप.

आठ तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी प्रत्येकीतून, नीट हलवून, सारखं पाणी सारख्या टेस्ट ट्यूबमध्ये काढा, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा आणि तळाशी बसलेला थर स्केलने मोजा. आठ तासांच्या मापात तिसरीचा थर बारीक दिसला तर तो प्रयोग फसला असं समजू नका, तिला तोवर साखरच एक तृतीयांश मिळालीय. दिलेल्या साखरेच्या मानाने बघायचं. अठ्ठेचाळीस तासांनी आमच्याकडे तिसरीचा थर नजरेलाच जाड दिसत होता, पहिलीचा सगळ्यात पातळ.

दुसरी बाटली मात्र नीट बघा, तिच्यात दोन अंक आहेत. आधी साखर एकदम मिळाली म्हणून ती पंप असूनही अल्कोहोल करते. साखर संपली की यीस्ट थोडं थांबतं, आपली यंत्रणा बदलतं, आणि मग तेच अल्कोहोल ऑक्सिजन वापरून जाळायला लागतं, थर परत वाढतो. पहिलीला हा दुसरा अंक मिळत नाही कारण अल्कोहोल जाळायला ऑक्सिजन हवाच. वास कमी झाला म्हणून सगळं यीस्टने खाल्लं असं मात्र लिहू नका, पंपाच्या हवेबरोबर थोडं अल्कोहोल उडूनही जातं. आणि व्हिनेगरचा वास आला तर तो यीस्टचा दोष नाही, अॅसिटिक अॅसिडवाले बॅक्टेरिया शिरले, त्यांना अल्कोहोल आणि हवा दोन्ही आवडतं, आपल्याकडे सुरेचं व्हिनेगर होतं ते त्यांच्यामुळेच. ती बाटली टाका, सगळं उकळत्या पाण्याने धुवून पुन्हा लावा.

मुलं हमखास विचारतात ते

मग ऑक्सिजन अजिबात दिला नाही तर यीस्ट कायम वाढत राहील का? नाही. पेशीच्या आवरणासाठी लागणारं एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्लं बनवायला यीस्टला थोडा तरी ऑक्सिजन लागतो. हे ऊर्जेसाठी नाही, बांधकामासाठी. साठा संपला की पिढ्या दर पिढ्या पातळ वाटून शेवटी वाढ थांबते. म्हणून बिअर बनवणारे यीस्ट घालायच्या वेळी रसात एकदा हवा मिसळतात आणि मग बंद करतात.

फाइलमध्ये लिहिताना "ऑक्सिजनसह" आणि "ऑक्सिजनशिवाय" असे मथळे देऊ नका, तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते लिहा: पंप होता की नाही, साखर किती आणि कशी दिली, तापमान किती, पाणी किती खोल. परीक्षकाने विचारलं तर तो २ मिलिग्रॅमचा हिशेब कागदावर करून दाखवा.

त्या मुलीने आता तिच्या तीन बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्यात, "पंप नाही, साखर एकदम", "पंप, साखर एकदम", "पंप, साखर थेंब थेंब". काल संध्याकाळी परत आली होती, ड्रिप सेट अजून आहे का विचारायला, तिला आता साखरेऐवजी गूळ घालून बघायचाय.